गालिच्यातलं लाल फूल

ऑक्टोबरात सेलिना गेली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या बापानं, अझरायानं, तिचं सगळं किनाऱ्यावर नेऊन जाळलं. गादी, उशी, दोन गोधड्या, स्वेटर, मोजे, चर्चला जायची टोपी, हाडाची फणी. स्किफ कोव्हमध्ये छातीच्या रोगानं कोणी गेलं की असंच करायचे. जागाही ठरलेली होती, मासे वाळवायच्या माचांच्या पलीकडे, काळ्या पडलेल्या दगडांपाशी. बाकीचे लोक आपापल्या दारात उभे राहून धूर बघायचे आणि वारा आपल्या घराकडे नाही ना, याची आधी खात्री करून घ्यायचे. माणसं वाईट नव्हती. पण सव्वीस घरांच्या त्या खाडीत अकरा घरांसाठी तो धूर निघाला होता, आणि बारावं घर व्हायची कोणाला हौस नव्हती.

फणी टाकताना अझराया थांबला. तिच्यात पोरीचे केस अडकलेले होते. सोळा वर्षांची पोर. मग त्यानं तीही टाकली आणि घरी येऊन हात धुतले.

एक वस्तू मात्र त्या ढिगात नव्हती. बॉस्टनला मोलकरीण असलेल्या बहिणीनं अझरायाच्या बायकोला, ट्रायफिनाला, दरवर्षी जुन्या कपड्यांचं गाठोडं पाठवलेलं असायचं, त्यात आलेला लाल लोकरी झगा. सेलिनानं तो दोन हिवाळे अंगातून काढला नव्हता. ट्रायफिनानं तो बटाट्यांच्या तळघरात एका रिकाम्या पिंपात दडपला. आई होती ती. तेवढं कारण पुरे असावं.

पण कारण त्याहून थोडं जास्त होतं, आणि ते कळायला आमच्याकडचे चिंध्यांचे गालिचे माहीत हवेत. नाताळ आटोपला की न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर घरोघरी स्वयंपाकघरात चौकट उभी राहायची. तिच्यावर धुतलेलं गोणपाट ताणून शिवायचं, चुलीतल्या कोळशानं त्यावर चित्र काढायचं, आणि खिळा वाकवून केलेल्या आकड्यानं जुन्या कपड्यांच्या पट्ट्या खालून वर ओढत बसायचं. एका भोकातून एक टाका, शेजारी दुसरा, असे हजारो. मार्चमध्ये पुरुषांना जाळी दुरुस्त करायला जागा लागे, त्याआधी गालिचा उतरलाच पाहिजे. मग तो चुलीपुढे अंथरायचा, आठवडाभर पालथा आणि रविवारी सुलटा, म्हणजे पाद्री आला तर त्याला चांगली बाजू दिसावी.

लोकरीचा कपडा टाकून द्यायची तर पद्धतच नव्हती. कोणी वारलं की त्याचे कपडे गालिच्यात जात. म्हणून बायका दुसऱ्याच्या घरी गेल्या की खुर्चीवर बसण्याआधी खाली बघत आणि गालिचा वाचत. ही म्हाताऱ्या एलायची पाटलोण, हा त्याच्या बापाचा कोट, हा निळा पट्टा मेलिनाच्या लग्नाच्या वर्षीचा. अझरायाच्या आईच्या, ड्रुसिलाच्या, बैठकीत तिच्या आईनं केलेला साठ वर्षांचा गालिचा होता. त्यावर शिडाचं जहाज होतं. जहाज बेढब होतं, डोलकाठ्या एकीकडे आणि शिडं भलतीकडे, पण समुद्राच्या निळ्यात सात जणांचे कपडे होते, आणि ड्रुसिला ते सातही जण बोट ठेवून दाखवी. रंग अजून तसेच होते, कारण ते दगडफुलानं आणि कांद्याच्या सालींनी रंगवलेले होते. दुकानातल्या पुडीचा रंग दोन उन्हाळ्यांत विटतो, असं ती प्रत्येकाला ऐकवी, न विचारता.

छातीच्या रोगानं गेलेल्यांना मात्र गालिच्यात जागा नव्हती. त्यांचं काही उरतच नसे. अकरा घरांतली ती माणसं कुठल्याच गालिच्यात सापडली नसती, जणू खाडीत जन्मलीच नव्हती. ट्रायफिनाला हे सहन झालं नाही.

जानेवारीत तिनं चौकट लावली. मधोमध एकच मोठं फूल काढलं, भोवती पानं, कडेला काळी पट्टी. सासू समोर बसून कडेचं काम करी. थोरली पोर गेली होती, धाकटी एफी दोन वर्षांची होती आणि चौकटीखाली बसून वरून खाली लोंबणाऱ्या चिंध्या ओढायची. दोघींमध्ये चौदा वर्षांचं अंतर होतं. मधली दोन जन्मून वारली होती.

फुलाची वेळ आली तेव्हा ट्रायफिना तळघरात गेली आणि मांडीएवढ्या लांब लाल पट्ट्या घेऊन वर आली. त्या तिनं खालीच कातरल्या होत्या. ड्रुसिलाचा आकडा हातात तसाच राहिला.

"हे कुठलं?" तिनं विचारलं.

"बॉस्टनच्या गाठोड्यातलं."

"कुठल्या वर्षीच्या?"

ट्रायफिना पट्ट्या सारख्या करू लागली. ड्रुसिलानं तिच्याकडे बघितलं, मग एफीकडे, मग आपल्या काळ्या पट्टीकडे.

"माझी नजर अधू झालीय," ती म्हणाली. "मला हल्ली लाल आणि तपकिरी एकच दिसतं. ओढ तू."

तिची नजर चांगली होती. सुईत दोरा ती पहिल्या फटक्यात ओवायची.

फूल पुरं व्हायला नऊ दिवस लागले. त्या दिवसांत ट्रायफिनाला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. प्रत्येक टाक्यात तिला पोरीची बाही दिसे, कोपरावर विरलेली जागा दिसे, खिशापाशी कॉडलिव्हर तेलाचा डाग दिसे. डागाची पट्टी तिनं मुद्दाम मध्यभागी लावली. ती खोकत होती, पण गालिच्याच्या दिवसांत सगळ्याच बायका खोकत. चिंध्या कातरल्या की लोकरीचे बारीक तंतू हवेत उडतात, घशात जातात. त्याला आमच्याकडे चिंध्यांचा खोकला म्हणायचे आणि त्याच्यावरून चेष्टा करायचे.

"तुझा खोकला ऐकून मला वाटलं, दोन गालिचे चाललेत," गालिचा अंथरल्यावर पहिल्याच रविवारी शेजारची केझाया आत येता येता म्हणाली. ती खाली बघत उभी राहिली. गालिचा सुलटा होता. "बाई, फूल आहे की आग? एवढं लाल कुठून आणलंस?"

"बॉस्टनचं."

"तुझ्या बहिणीकडे लालाची खाणच आहे. गेल्या वेळीही लालच धाडलेलं ना, सेलिनाला?"

"दोन धाडलेले," ड्रुसिला चुलीपाशी बसून म्हणाली. "एक मोठा, एक छोटा. छोटा कोणाला येईना. तुला चहा हवा की उभ्यानंच परीक्षा घेणार आहेस?"

केझाया बसली. चहा घेतला, गुळाचा पाव घेतला आणि पावलं मात्र कडेच्या काळ्या पट्टीवरच ठेवली.

एफीला ते फूल म्हणजे खेळणं झालं. आठवडाभर गालिचा पालथा असे, तरी ती कोपरा धरून उलटवायची आणि लालावर पालथी पडून गाल घासायची. झोपही तिथंच लागायची. "लाल," एवढा एक शब्द ती नीट बोलायची. ट्रायफिना तिला उचलून मांडीवर घ्यायची, मुके घ्यायची, आपल्या ताटलीतला मऊ केलेला मासा आपल्या चमच्यानं भरवायची. एक पोर गेलेल्या बाईनं दुसरीला खाली कसं ठेवावं?

मार्च लागला तेव्हा चौकट आणि चिंध्या केव्हाच माळ्यावर गेल्या होत्या. ट्रायफिनाचा खोकला राहिला. उन्हाळ्यात मासे फाडायच्या माचावर पहाटेपासून उभं राहायचं, धुकं खायचं, खोकल्याकडे कोण बघतो. ती वाळली. सगळे म्हणाले, दुःखानं वाळली.

सप्टेंबरात एफी खोकली.

पहिल्या दिवशी ट्रायफिनानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आठव्या दिवशी पोरीच्या मानेपाशी गाठी लागल्या आणि अंग कोमट राहू लागलं. सेलिनाचं असंच सुरू झालं होतं. ट्रायफिना चुलीपुढे उभी होती, पायाखाली गालिचा होता. मीच केलं हे, तिला वाटलं. सगळी खाडी जाळत आली आणि मी एकटी शहाणी निघाले. माझ्या हातानं विष कातरलं आणि पोरीच्या गालाखाली अंथरलं.

अझराया जाळ्यांवर गेला होता. तिनं गालिचा टेबलावर घेतला आणि फूल उसवायला बसली. असा गालिचा करायला महिना लागतो, पण उसवायला काहीच लागत नाही. एका पट्टीचं टोक सापडलं की सगळी पट्टी सरसर बाहेर येते. पट्ट्या कुरळ्या होऊन येत होत्या, टाक्यांची वळणं त्यांना लागलेली होती. तेलाच्या डागाची पट्टी आली तेव्हा तिनं ती मुठीत धरली. नाकाशी नेली. काही वास नव्हता, फक्त चुलीचा.

ड्रुसिला केव्हा आत आली ते तिला कळलं नाही. म्हातारीनं चुलीचं झाकण काढलं आणि बाजूला उभी राहिली.

"टाक," ती म्हणाली.

"आई, तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी बहीण अशीच गेली. सतराची होती. तिचं काही नाही माझ्याकडे, एक दोरा नाही. मला वाटलं, एक तरी राहू दे कुणाची." तिनं लोखंडी सळईनं निखारे सारखे केले. "मी केझायाशी तुझ्यासाठी खोटं बोलले, ते काय उगाच? टाक आता. मूठ उघड."

ट्रायफिनानं मूठ उघडली. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. तो घरात संध्याकाळपर्यंत राहिला, आणि अझराया आला तेव्हा दारातच थांबला.

त्यानं टेबलावरचा गालिचा बघितला. भोवती हिरवी पानं, मध्ये ताटाएवढं उघडं गोणपाट. ट्रायफिनानं सांगून टाकलं. रडली नाही. आधी झगा, मग तळघर, मग फूल, असं क्रमानं सांगितलं.

तो ऐकत राहिला. रागावेल, काहीतरी फेकेल, असं तिला वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तिची फणी मी जाळली," तो म्हणाला. "केसांसकट. आणि तू झगा ठेवलास."

एवढंच. मग तो एफीच्या खाटेपाशी जाऊन बसला. त्यानंतर तो ट्रायफिनाशी हवं-नकोपुरतंच बोलला. जेवण वाढलं की खायचा. मान वर करायचा नाही. तिलाही त्याचं काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

सरकारी नर्स वर्षातून दोनदा बोटीनं येई. नोव्हेंबरात मिस पार्डी आली. तरुण होती, पायात पुरुषी बूट, बोलणं भराभर. तिनं एफीला तपासलं, गाठी चाचपल्या, पाठीला कान लावला आणि तोंड मिटून घेतलं. मग म्हणाली, तोच रोग आहे.

"माझ्यामुळे झाला," ट्रायफिना म्हणाली. अझराया आणि ड्रुसिला दोघंही तिथं होते. तिनं गालिचा आणून दाखवला आणि सगळं परत सांगितलं. हे सांगायची तिला सवय झाली होती, मनात ती रोज सांगायची.

मिस पार्डीनं मधल्या उघड्या गोणपाटावरून हात फिरवला.

"हा रोग चिंध्यांतून येत नाही हो," ती म्हणाली. "झगा तळघरात होता तीन महिने. तुम्ही तो उकळून उन्हात टाकला असता तर वर्षभर घातला असता तरी चाललं असतं. हा श्वासातून येतो. घरात कोणीतरी खोकणारं असतं, मुलाला जवळ घेणारं, त्याच्याकडून येतो. घरात खोकतं कोण?"

खोलीत चुलीचा आवाज होता. ट्रायफिनाला घशात खवखव आली. तिनं ती दाबली. दाबली, दाबली, आणि मग दाबता येईना.

तिचं खोकून होईपर्यंत सगळे थांबले. मिस पार्डीनं विचारलं, किती दिवसांपासून?

"चिंध्यांचा आहे," ट्रायफिना म्हणाली.

"नोव्हेंबरात?" नर्स म्हणाली, पण हळू आवाजात.

नर्सनं एका डबीत ट्रायफिनाची थुंकी घेतली आणि बोटीनं नेली. तीन आठवड्यांनी बर्फाआधीच्या शेवटच्या बोटीनं ती पुन्हा आली, चिठ्ठी घेऊन. रोग ट्रायफिनाला होता, बहुधा सेलिनाची शुश्रूषा करतानाच लागलेला, आणि आता पुरता पिकलेला. शहरातल्या रुग्णालयात एक खाट रिकामी झाली होती. एकच.

"ती एफीला द्या," ट्रायफिना म्हणाली.

"एफीचा रोग दुसऱ्याला लागत नाही, लहान मुलांचा सहसा लागत नाही. तुमचा लागतो. तुम्ही घरात राहिलात तर एफीला जी काय संधी आहे ती पण जाईल."

"संधी आहे?"

"लहान आहे ती," मिस पार्डी म्हणाली. "दूध, तेल, मोकळी हवा. बघायचं." ती खोटं बोलायला शिकलेली नव्हती अजून. तिनं बॅगेचे पट्टे लावले.

म्हणजे ते लाल फूल निर्दोष होतं. पोर त्याच्यावर वर्षभर झोपली असती तरी काही झालं नसतं. तिला रोग दिला तो मांडीनं, मुक्यांनी, चमच्यानं. आणि सेलिनाचं जे एकुलतं एक उरलं होतं ते ट्रायफिनानं आपल्या हातानं चुलीत घातलं होतं, उगाच. हे दोन्ही तिला एकाच वेळी कळत राहिलं. एकाचा विचार करावा तर दुसरं तयारच असायचं.

बोट दुपारी सुटणार होती. ट्रायफिनानं आपला तपकिरी लोकरी स्कर्ट चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात स्वतः उकळला, पिळला, दोरीवर घातला. मग सासूला म्हणाली, "वाळला की कातरा. मधल्या जागेत घाला. उकळलाय, काही होत नाही, नर्सनं सांगितलंय."

"तू आल्यावर तूच घाल," ड्रुसिला म्हणाली.

"आई."

म्हातारीनं मान फिरवली. "तपकिरी फूल कुठं असतं का," ती म्हणाली. "बरं. घालीन. खडक म्हणून घालीन."

एफी चुलीपुढे गालिच्यावर बसली होती. गालिचा सुलटा होता, वार कोणता का असेना. गोणपाटाच्या भोकांत ती बोट घालत होती. मग तिनं वर बघितलं आणि आईला विचारलं, "लाल?"

ट्रायफिना दाराशी उभी होती, नर्सनं सांगितलेल्या अंतरावर, तोंडावर रुमाल. तिला पोरीकडे चार पावलं जायचं होतं. ती गेली नाही. एफी हात वर करून थांबली, मग कंटाळली आणि पुन्हा बोट घालू लागली.

अझरायानं होडीतून तिला बोटीपर्यंत सोडलं. मध्ये एक रिकामी फळी होती, तिच्या अलीकडे तो, पलीकडे ती. वल्ही मारता मारता त्यानं त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"तुला थंडी वाजत नाही ना?"

"नाही."

"माझे कपडे उकळून घे," ती थोड्या वेळानं म्हणाली. "गोधड्यासुद्धा. जाळायची गरज नाही म्हणाली नर्स."

"ऐकलं मी," अझराया म्हणाला.

बोट खाडीच्या तोंडातून वळेपर्यंत ट्रायफिना कठड्याशी उभी होती. घर दिसत होतं, दोरी दिसत होती, दोरीवर एक तपकिरी ठिपका. मग होडी किनाऱ्याला लागली, आणि अझराया घरात गेला आणि काहीतरी पाठीवर घेऊन बाहेर आला. दुसरी खेप. तिसरी. गादी असावी ती. माचांच्या पलीकडे, काळ्या दगडांपाशी. छातीच्या रोगाच्या माणसाचं जाळतात ते माणूस मेल्यावर. तो तेवढंही थांबला नव्हता.

तिला राग आला नाही. त्याच्या घरात एक पोर उरली होती. नर्सचं खरं असेलही, पण एकदा ठेवून बघितलं होतं त्यांनी.

दारात ड्रुसिला आली, छोटी दिसत होती. ती दोरीपाशी गेली आणि स्कर्टला हात घातला. ट्रायफिनानं कठडा घट्ट धरला. आत ने, आई, ती मनात म्हणाली, तळघरात ने, पिंपात घाल. म्हातारी स्कर्ट छातीशी धरून थोडी उभी राहिली. अझराया खालून वर बघत होता. मग ती उतरणीवरून हळूहळू त्याच्याकडे चालू लागली.